आमदार लोकसभेला उभा राहतो तेव्हा मतदार नेमका कशावर मत देतो?

दर पाच वर्षांनी एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात एक प्रश्न हमखास निघतो. आपला आमदार लोकसभेला उभा आहे, मग त्याला वर पाठवायचा की इथेच ठेवायचा? ही चर्चा बहुधा उमेदवाराच्या कामाभोवती फिरते, आणि त्याच्या जाण्याने जी जागा रिकामी होते तिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. ती जागा किती दिवस रिकामी राहील, कोण भरेल आणि मुळात भरली जाईल का, हे कायद्याने आणि निवडणुकांच्या वेळापत्रकाने आधीच ठरवून ठेवलेले असते. ते वेळापत्रक कसे घडले हे समजले, तर मत ठरवणे बरेच सोपे होते.

सुरुवात संविधानापासून करायला हवी. अनुच्छेद १०१(२) सांगतो की एकच व्यक्ती एकाच वेळी संसदेची आणि राज्य विधिमंडळाची सदस्य राहू शकत नाही. मुदत ठरवण्याचे काम राष्ट्रपतींच्या नियमांवर सोपवले होते आणि ते नियम १९५० मध्ये झाले. त्यांनुसार निवड राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून चौदा दिवस मिळतात. केंद्राचे आणि राज्याचे राजपत्र यांपैकी जे नंतर निघेल त्या तारखेपासून हे दिवस मोजतात. यातला एक बारकावा अनेक कार्यकर्त्यांनाही माहीत नसतो. चौदा दिवसांत राज्यातल्या जागेचा राजीनामा दिला नाही, तर आमदारकी शाबूत राहते आणि खासदारकी जाते. म्हणून निकालानंतरच्या पंधरवड्यात विधानसभा अध्यक्षांकडे राजीनाम्यांची रीघ लागते. नुसते पत्र धाडूनही भागत नाही. १९७४ च्या ३३ व्या घटनादुरुस्तीनंतर राजीनामा स्वेच्छेने दिलेला आणि खरा आहे याची अध्यक्षांनी खात्री करून घ्यायची असते.

ही बंदी फक्त संसद आणि विधिमंडळ यांच्यात आहे. नगरसेवक आमदार झाला तर त्याला नगरसेवकपद सोडावे लागतेच असे नाही. मुंबई महापालिकेत दोन्ही पदे सांभाळणारे लोक होऊन गेले आहेत. त्यामुळे नगरसेवक विधानसभेला उभा राहतो तेव्हाचे गणित वेगळे, आणि आमदार लोकसभेला उभा राहतो तेव्हाचे वेगळे.

पहिल्या चार सार्वत्रिक निवडणुकांत, म्हणजे १९५१-५२ पासून १९६७ पर्यंत, लोकसभा आणि विधानसभा साधारण एकत्रच होत. उमेदवाराला मुंबई की दिल्ली हे आधीच ठरवावे लागे, त्यामुळे मधेच कोणी वर निघून जाण्याचे प्रसंग कमी. यशवंतराव चव्हाण यांचे जाणे हा अपवाद होता. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले.

वेळापत्रक फुटले ते १९७१ मध्ये. लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली, तिची निवडणूक मार्च १९७१ मध्ये झाली आणि महाराष्ट्र विधानसभेची १९७२ मध्ये. पुढे हे अंतर कधी वाढले, कधी घटले. शरद पवार डिसेंबर १९८४ मध्ये बारामतीतून लोकसभेवर गेले, मार्च १९८५ मध्ये विधानसभेवर निवडून आले आणि त्यांनी खासदारकी सोडली. बारामतीच्या लोकसभा मतदारांना लगेच पोटनिवडणूक करावी लागली आणि ती जनता पक्षाचे संभाजीराव काकडे यांनी जिंकली. १९९१ मध्ये उलटे घडले. अजित पवार लोकसभेवर निवडून आले, त्यांनी ती जागा केंद्रात संरक्षणमंत्री झालेल्या काकांसाठी रिकामी केली आणि स्वतः बारामतीचे आमदार झाले.

१९९९ मध्ये महाराष्ट्रात दोन्ही निवडणुका पुन्हा एकत्र झाल्या. त्यानंतर २००४ पासून आजचा साचा पक्का झाला: एप्रिल-मे मध्ये लोकसभा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विधानसभा. २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४, पाचही वेळा हेच. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. विद्यमान आमदार लोकसभेला उभा राहतो तेव्हा त्याच्या मुदतीचे जेमतेम सहा महिने उरलेले असतात. हरला तर तो आमदार असतोच आणि सहा महिन्यांनी पुन्हा विधानसभेला उभा राहतो. जिंकला तर त्याला पाच वर्षे मिळतात. लोकसभेची अनामत रक्कम २५ हजार रुपये, आणि एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली की ती परत मिळते. त्याचे यात फारसे काही जात नाही. जोखीम मतदारसंघाच्या वाट्याला येते.

ती जोखीम कशी येते हे १९९६ च्या एका दुरुस्तीत आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात त्या वर्षी कलम १५१अ आले. रिकामी जागा सहा महिन्यांत भरलीच पाहिजे, हा त्याचा गाभा. मात्र दोन पळवाटा ठेवल्या गेल्या: उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर पोटनिवडणूक सक्तीची नाही, आणि केंद्र सरकारशी विचारविनिमय करून ती घेणे कठीण असल्याचे निवडणूक आयोगाने प्रमाणित केले तरीही नाही. आता हे कलम आपल्या सहा महिन्यांच्या साच्यावर ठेवून पाहा. महाराष्ट्रात लोकसभेला गेलेल्या आमदाराची जागा जवळपास नेहमी रिकामीच राहते.

२०२४ मध्ये तसेच झाले. निकाल ४ जूनला लागला आणि विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती. वर्षा गायकवाड (धारावी), प्रणिती शिंदे (सोलापूर शहर मध्य), रवींद्र वायकर (जोगेश्वरी पूर्व), प्रतिभा धानोरकर (वरोरा), बळवंत वानखडे (दर्यापूर) आणि संदिपान भुमरे (पैठण) हे सहा आमदार खासदार झाले. नीलेश लंके यांनी पारनेरची आमदारकी अर्ज भरण्याआधीच सोडली होती. ती सोडण्यामागे संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा आहे. ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलो तो सोडून दुसऱ्या पक्षाची उमेदवारी घेतली, तर सदस्यत्व अपात्र ठरू शकते. म्हणून पक्ष बदलणारा आमदार आधी राजीनामा देतो. चंद्रपूरमधून २०१९ मध्ये बाळू धानोरकर आणि रामटेकमधून २०२४ मध्ये राजू पारवे यांनीही तेच केले. धानोरकर जिंकले. पारवे हरले आणि त्यांची आमदारकीही गेली. अशा उमेदवाराच्या बाबतीत निकाल काहीही लागो, जागा रिकामी होतेच. पक्ष न बदलणाऱ्याची जागा फक्त तो जिंकला तरच रिकामी होते.

या रिकाम्या जागांचा परिणाम विधान भवनात लगेच दिसला. १२ जुलै २०२४ रोजी विधान परिषदेच्या ११ जागांसाठी आमदारांनी मतदान केले, तेव्हा २८८ च्या सभागृहात २७४ आमदार उरले होते आणि विजयासाठी पहिल्या पसंतीची २३ मते लागत होती. काही जागा निधनामुळेही रिकाम्या होत्या, पण धारावी, पैठण किंवा वरोऱ्याच्या मतदारांच्या वतीने त्या दिवशी कोणीच मत दिले नाही.

आता एक बाब, जी प्रचारात कधीच येत नाही. राखीव जागांसारखे अपवाद सोडले, तर कायद्याने देशातला कोणताही पात्र मतदार कोणत्याही लोकसभा मतदारसंघातून उभा राहू शकतो. त्यामुळे ज्या लोकांचा आमदार जातो, त्यांना त्या निवडणुकीत मत असतेच असे नाही. धारावी हा मुंबई दक्षिण मध्य लोकसभेचा भाग, तर वर्षा गायकवाड उत्तर मध्य मुंबईतून जिंकल्या. पैठण जालना लोकसभेत आहे आणि भुमरे औरंगाबादमधून निवडून आले. २०१९ मध्ये लोह्याचे प्रतापराव चिखलीकर नांदेडमधून जिंकले, पण लोहा येते लातूर लोकसभेत. नांदेड दक्षिणचे हेमंत पाटील हिंगोलीतून खासदार झाले. या चारही ठिकाणच्या मतदारांनी आपल्या आमदाराला वर पाठवायचे की नाही हे ठरवलेच नाही. शेजारच्यांनी ते त्यांच्यासाठी ठरवले. उलट, लोकसभेत ज्यांचे मत मागितले जात होते त्यांनी या आमदाराचे काम स्वतःच्या गावात पाहिलेले नव्हते. अशा वेळी त्याच्या विधानसभा मतदारसंघात काय झाले, हे तिथल्या लोकांना विचारणे हाच सरळ मार्ग.

मतदारसंघ एकाच लोकसभेत असला तर प्रश्न थेट पुढे येतो. २०२४ मध्ये चंद्रपूरला दोन विद्यमान आमदार समोरासमोर होते: वरोऱ्याच्या प्रतिभा धानोरकर आणि बल्लारपूरचे सुधीर मुनगंटीवार. दोन्ही विधानसभा मतदारसंघ त्याच लोकसभेत. धानोरकर अडीच लाखांहून अधिक मतांनी जिंकल्या आणि वरोरा रिकामा झाला. मुनगंटीवार आमदार राहिले आणि नोव्हेंबरमध्ये बल्लारपूरमधून पुन्हा निवडून आले. जोगेश्वरी पूर्वचे मतदारही असेच दोन पर्यायांसमोर होते आणि वायकर केवळ ४८ मतांनी जिंकले. एवढ्या कमी फरकात एका इमारतीतल्या मतदारांनीही खासदार आणि रिकामी आमदारकी दोन्ही ठरवली असती.

जागा रिकामी झाल्यावर तिच्यावर पहिला दावा बहुधा घरचा असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये धारावीत ज्योती गायकवाड आणि पैठणमध्ये विलास भुमरे जिंकले. जोगेश्वरी पूर्वमध्ये मनीषा वायकर, पारनेरमध्ये राणी लंके आणि वरोऱ्यात खासदारांचे भाऊ प्रवीण काकडे हरले. सोलापूर शहर मध्य आणि दर्यापूर या जागाही काँग्रेसच्या हातून गेल्या. यावरून एवढे नक्की म्हणता येते की आमदाराला वर पाठवणारे मत त्याच्या घरच्याला किंवा पक्षाला आपोआप मिळत नाही, आणि मिळावे असेही नाही. पण प्रचाराच्या वेळी विचारायला हवे: तुम्ही गेलात तर इथे कोण? उत्तर टाळले गेले, तर घरातले नाव ठरलेले असण्याची शक्यता मोठी.

मुदत जास्त उरलेली असली की चित्र बदलते. गोव्यात लोकसभा आणि विधानसभा यांच्यात दोन-तीन वर्षांचे अंतर असते, त्यामुळे तिथे पोटनिवडणूक टळत नाही. मनोहर पर्रीकर नोव्हेंबर २०१४ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पणजीत फेब्रुवारी २०१५ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि सिद्धार्थ कुंकळ्येंकर निवडून आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेच पुन्हा जिंकले, मग परतलेल्या पर्रीकरांसाठी त्यांनी जागा सोडली. ऑगस्ट २०१७ मध्ये पर्रीकर जिंकले, आणि त्यांच्या निधनानंतर मे २०१९ मध्ये बाबूश मोन्सेरात. साडेचार वर्षांत पणजीकरांनी आमदारासाठी चार वेळा मतदान केले.

पुण्यात उलट झाले. कसब्याचे १९९५ पासूनचे आमदार गिरीश बापट २०१९ मध्ये खासदार झाले. २९ मार्च २०२३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा लोकसभेचे वर्षाहून अधिक दिवस बाकी होते. तरीही पोटनिवडणूक लागली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ती घेण्याचा आदेश दिला, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि पुणे जून २०२४ पर्यंत खासदाराविना राहिले. अकोला पश्चिममध्ये आयोगाने पोटनिवडणूक जाहीर केली होती, पण मुदत वर्षाहून कमी उरल्याने नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये ती रद्द केली. म्हणून मुदत किती उरली आहे हे महिन्यांत मोजून पाहावे. ‘पोटनिवडणूक होईल’ या आश्वासनावर विसंबू नये.

पैशाचा हिशेबही नीट करायला हवा. खासदार निधी वर्षाला पाच कोटी रुपये आहे. महाराष्ट्रात आमदार निधीही आता तेवढाच आहे. पण २८८ भागिले ४८, म्हणजे एका लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ. तीच रक्कम सहा ठिकाणी वाटली जाते. ‘आमदार असताना एवढे केले, खासदार झाल्यावर दुप्पट करीन’ हे वाक्य निधीपुरते तरी खरे ठरत नाही. अधिकारही बदलतात. पोलीस, महापालिका, पाटबंधारे, शेती हे विषय राज्याचे. रेल्वे, विमानतळ, राष्ट्रीय महामार्ग, छावणी मंडळ केंद्राचे. वॉर्डातले पाणी किंवा कालव्याचे आवर्तन या विषयांवर लोकसभेचे मत मागणारा उमेदवार प्रत्यक्षात आमदारकीचेच काम सांगत असतो. त्याने जिथे काम केले ते सभागृह त्याला सोडायचे असते.

उमेदवाराला तपासायला साधने आहेत. नमुना २६ मधले शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असते. विधानसभेच्या वेळचे आणि आताचे शपथपत्र शेजारी ठेवून मालमत्ता, कर्जे आणि प्रलंबित गुन्हे पाहावेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि अर्ध्या तासाच्या चर्चा विधिमंडळाच्या नोंदींत मिळतात. मंत्री राहिलेला असेल तर या नोंदी कमी असणारच, कारण मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरे देतो. त्याच्या बाबतीत खात्याचे निर्णय पाहावेत. मागच्या निवडणुकांचा नमुना २० मतदान केंद्रनिहाय मते दाखवतो. उमेदवाराला स्वतःच्या विधानसभा मतदारसंघात आघाडी होती की पिछाडी, हे त्यातून कळते, आणि त्याला जवळून ओळखणाऱ्यांनी काय ठरवले याचा तो सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे.

लोकसभा आणि विधानसभा निवडणुका एकत्र घेण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत आलेले १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले. दोन्ही निवडणुका पुन्हा एकत्र झाल्या, तर सहा महिन्यांची ती सोय संपेल. मात्र १९९६ पासून दोन जागांची मर्यादा घालणारे कलम ३३(७) एकाच सभागृहापुरते आहे. लोकसभा आणि विधानसभा दोन्हींना एकाच दिवशी उभे राहायला त्यात आडकाठी नाही. दोन्हीकडे जिंकलेला उमेदवार एक जागा सोडेल, आणि तेव्हा मुदत पूर्ण पाच वर्षांची असल्याने ती पोटनिवडणुकीनेच भरावी लागेल.