सर्पगंधेपासून कोकेनपर्यंत: उंदरांच्या मेंदूतल्या डोपामीनचा शोध

कोकेन टोचलेला उंदीर पिंजऱ्यात सैरावैरा का धावतो, याचा उलगडा करण्याची वाट एका शामक औषधापासून सुरू झाली. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले.

रिसर्पिन दिलेले प्राणी जागचे हलत नसत. १९५७ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे अर्विद कार्लसन यांनी अशा निश्चल सशांना आणि उंदरांना एल-डोपा (शरीरात ज्यापासून डोपामीन बनते ते द्रव्य) टोचले, तेव्हा ते पुन्हा हिंडू लागले. डोपामीन म्हणजे चेतापेशींमधले एक संदेशवाहक रसायन; पण तोवर ते नॉरॲड्रेनॅलिन हे दुसरे संदेशवाहक तयार होतानाचा मधला टप्पा समजले जाई. मेंदूत त्याचे स्वतःचे काम आहे, हे या प्रयोगांमुळे पुढे आले. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

कोकेनसारखेच उत्तेजक असलेले ॲम्फेटामीन १८८७ मध्येच तयार झाले होते आणि १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी ते वर्तनसमस्या असलेल्या मुलांना देऊनही पाहिले होते. पण ते मेंदूत नेमके काय करते, हे कळायला अनेक दशके जावी लागली. चेतापेशीने सोडलेले डोपामीन एक वाहक प्रथिन पुन्हा आत ओढून घेते. त्याचे नाव डॅट. कोकेन डॅटचे काम अडवते. ॲम्फेटामीन डॅटमधूनच पेशीत शिरते, तिथल्या साठ्यातले डोपामीन मोकळे करते आणि वाहकाला उलट्या दिशेने चालवते. दोन्हींत परिणाम एकच: पेशींबाहेर डोपामीन साचते.

याची खरी कसोटी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात लागली. मार्क कॅरॉन यांच्या प्रयोगशाळेने डॅटचे जनुकच नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या मेंदूत सुटलेले डोपामीन नेहमीपेक्षा निदान शंभरपट जास्त वेळ टिकत होते. औषधाशिवायच ते अखंड धावत, आणि कोकेन किंवा ॲम्फेटामीन देऊनही त्यांची धावपळ वाढत नसे. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचितच मिळतो.

पण १९९८ मध्ये असे दिसले, की हेच उंदीर स्वतःहून कोकेन घेत राहतात. १९९९ मध्ये त्याहून चकित करणारी गोष्ट आढळली: उत्तेजक औषधांनी ते चक्क शांत होत होते, आणि त्यामागे सेरोटोनिन हे मेंदूतले दुसरे संदेशवाहक रसायन होते. मग डोपामीनचा सिद्धान्तच चुकला का? मला तसे वाटत नाही. जन्मापासून डॅट नसलेला मेंदू स्वतःला बदलून घेतो. या उंदरांच्या मेंदूतला डोपामीनचा साठा जेमतेम पाच टक्क्यांवर आला होता. अशा मेंदूवरून सर्वसाधारण उंदराबद्दल थेट निष्कर्ष काढणे धोक्याचेच.

म्हणूनच २००६ चा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या हॉवर्ड गू यांच्या गटाने डॅट काढून टाकले नाही. त्यात मोजके बदल केले, जेणेकरून ते आपले काम करील, पण कोकेनला दाद देणार नाही. या उंदरांना कोकेनची गोडी लागली नाही, त्यांची धावपळही वाढली नाही. ॲम्फेटामीनचा परिणाम मात्र त्यांच्यावर होतच राहिला.