एकाच नावाची दोन दारं: ‘आपले सरकार’वर अर्ज आणि तक्रार

जून आला की ऐरोलीपासून घोडबंदरपर्यंत घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, “आपले सरकारवर टाकलंय.” काय टाकलंय, असं विचारलं की घोळ कळतो. या नावाची पोर्टल दोन आहेत. एकावर दाखल्यांचा अर्ज होतो, दुसऱ्यावर सरकारी कामाबद्दलची तक्रार.

ओळखीतल्या एका मुलीचा उत्पन्नाचा दाखला मुदत उलटूनही आला नव्हता. वडिलांनी तक्रार नोंदवली, टोकन मिळालं आणि ते उत्तराची वाट बघत बसले. या वाट बघण्यातच अपिलाचे दिवस सरत आले होते. अपील करता येतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला याचंच फार वाईट वाटतं.

दाखल्याच्या अर्जामागे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ उभा आहे. अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेची मुदत ठरलेली असते आणि ती सेवा देणारा पदनिर्देशित अधिकारीही. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. हे दिवस कागदपत्रं पूर्ण असलेला अर्ज पोचल्यापासून मोजतात, म्हणून पोचपावती जपून ठेवा. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. पुरेसं कारण असेल तर ९० दिवसांपर्यंतही ते घेतलं जाऊ शकतं. तिथे काम झालं नाही तर दुसरं अपील, आणि त्यानंतर राज्य लोकसेवा हक्क आयोग. योग्य कारणाशिवाय सेवा अडवल्याचं ठरलं, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती, म्हणजे दंड, होते. नकार द्यायचा तर कारणही लेखी द्यावं लागतं. “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या” एवढ्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका.

तक्रारीमागे अशी अपिलांची साखळी आणि शास्ती नाही. तरी अर्ज भरून देणारा सेवा केंद्राचा चालक जादा पैसे मागतो, कर्मचारी नीट बोलत नाही, अशा गोष्टींना तेच दार योग्य.

नवी मुंबईकरांनी आणखी एक जपावं. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे तालुक्यात येतो, खारघर आणि कामोठे मात्र रायगडच्या पनवेल तालुक्यात. पत्त्यावर दोन्हीकडे ‘नवी मुंबई’च लिहितात, पण अर्ज भरताना जिल्हा-तालुका चुकला तर अर्ज भलत्याच तहसीलदारांकडे जातो.