साडेनऊ तास की साडेदहा?

कोथरूडला माझ्या मावशीच्या हॉलमध्ये शेजारी शेजारी दोन घड्याळं आहेत. एक आपलं, एक बोस्टनचं. दर रविवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे बोस्टनच्या घड्याळात सकाळी दहाला, ती मुलाला फोन करते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी तिथेच होतो. फोन बराच वेळ वाजला आणि पलीकडून झोपाळलेला आवाज आला.

"अरे, बरं नाही का तुला? दहा वाजले!"

"आई, इथे नऊच वाजलेत. कालपर्यंत दहा वाजत होते."

मावशीने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सेल तर तिने दिवाळीच्या आधीच बदलला होता.

घड्याळात काही बिघाड नव्हता. त्याच दिवशी पुण्यात सकाळी साडेअकराला, मावशी पोळ्या लाटत असताना, बोस्टनमध्ये रात्रीचे दोन वाजले आणि लगेच पुन्हा एक वाजला. अमेरिकेचा बहुतेक भाग मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे नेतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतो. उन्हाळ्यातला पहाटेचा उजेड संध्याकाळी वापरायचा, ही त्यामागची कल्पना. जर्मनीने १९१६ साली, ऐन महायुद्धात, ती देशभर लागू केली आणि पाठोपाठ बऱ्याच देशांनी उचलली. आपण हा बदल करत नाही. म्हणून पुणे आणि बोस्टन यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेदहा.

यातलं 'साडे' आपल्याकडून येतं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, अंशाला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरवली आहे. त्याला १५ ने भागलं की ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास. पुणे आहे ७३.८६ अंशांवर, म्हणून आपला सूर्य या वेळेच्या सुमारे साडेचौतीस मिनिटं मागे असतो. शनिवारवाड्यासमोर काठी रोवून सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहा. घड्याळात सरासरी बारा पस्तीस झालेले असतील. फेब्रुवारीच्या मध्यात पावणेएक उलटून जातो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा अठरालाच सूर्य माथ्यावरची आपली रेषा ओलांडतो. घरात शाळकरी मूल असेल तर हा प्रयोग जरूर करावा, वर्षभर पुरतो.

आपले जुने ज्योतिर्विद हाच हिशेब उज्जैनच्या रेषेपासून करत आणि त्याला देशांतर म्हणत. उज्जैनला मध्यान्ह झाल्यावर पुण्याला व्हायला साडेसात मिनिटं लागतात. गावोगावची ही वेळ खरी होती, पण आगगाड्यांचं वेळापत्रक तिच्यावर चालेना. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रीनिचची रेषा शून्य ठरली, १९०६ पासून भारतात साडेपाच तासांची वेळ आली. मुंबईत मात्र ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत वापरात होती. नेपाळने तर १९८६ साली पावणेसहा तास घेतले, त्यामुळे काठमांडू आपल्या पाव तास पुढे आहे. रेखांश भूगोलाचा असला तरी आकडा सरकार ठरवतं, आणि सरकार तो बदलूही शकतं.

हिंजवडीत रोज तीन देशांशी बोलणाऱ्यांना याचा खरा त्रास ऑक्टोबरच्या शेवटी होतो. युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातात, अमेरिकेची त्यानंतर आठवड्याने. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊच्या मीटिंगला लंडनमध्ये एरवी दुपारचे दोन वाजतात, त्या एका आठवड्यात एकच. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा असतात आणि पुढच्या आठवड्यापासून साडेसात. ज्या आईने मीटिंग संपवून पाळणाघर गाठायचं गणित बसवलेलं असतं, तिची संध्याकाळ या एका तासात कोलमडते. मीटिंग ठेवणाऱ्याने आधी दोन ओळी लिहून कळवणं मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं.

दोन शहरांतलं अंतर पाठ करण्यापेक्षा मधे यूटीसी, म्हणजे जागतिक समन्वित वेळ, घ्यावी. पुण्यात सोमवारी सकाळचे साडेसहा. साडेपाच तास वजा केले की यूटीसी सोमवार पहाटेचा एक. बोस्टन हिवाळ्यात यूटीसीच्या पाच तास मागे, म्हणजे तिथे रविवार, रात्रीचे आठ. तास बरोबर येतो आणि वार चुकतो, असं फार वेळा होतं, तेव्हा वार प्रत्येक पायरीवर लिहावा. काट्यांचं घड्याळ असेल तर एक गंमत करून बघा. दुपारी दोनला ते उलटं धरा. मिनिटकाटा सहावर, तासकाटा आठवर, म्हणजे साडेआठ, आणि हिवाळ्यात लंडनमध्ये तेव्हा सकाळचे साडेआठच असतात. घड्याळ उलटं करणं म्हणजे सहा तासांचा फरक, आपला साडेपाचचा, म्हणून तासकाटा किंचित मागे दिसतो.

वेळ कळवताना 'आयएसटी' एवढंच लिहिलं तर गोंधळ होतो, कारण भारत, आयर्लंड आणि इस्रायल तिघेही तीच अक्षरं वापरतात. 'पुण्याच्या वेळेनुसार' हे सरळ आणि पक्कं. पुढच्या वर्षीची भेट ठरवताना तर शहराचं नाव हवंच. मेक्सिकोने २०२२ साली बहुतेक देशात उन्हाळी वेळ बंद केली. त्याआधी कुणी पुढच्या उन्हाळ्याची भेट यूटीसीत बदलून ठेवली असेल, तर ती तासाने चुकली. 'मेक्सिको सिटीचे सकाळचे दहा' असं नोंदवणाऱ्याची वेळ नव्या नियमाबरोबर आपोआप जुळली. संगणकांच्या यादीतही म्हणूनच आपली नोंद 'एशिया/कोलकाता' अशी शहराच्या नावाने आहे.

मावशीने स्टुलावर चढून बोस्टनचं घड्याळ तासभर मागे केलं. आता ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी, आपल्या दुपारी साडेबाराला, पुढे करायचं आहे. दिनदर्शिकेच्या त्या चौकोनात तिने पेन्सिलीने लिहिलंय: 'बोस्टन, एक तास पुढे.'