जुळ्या गर्भांचे वय कोणत्या बाळावरून ठरवायचे?

जुळ्यांच्या पहिल्या सोनोग्राफीच्या अहवालात बहुतेक वेळा दोन बाळांची दोन वये छापलेली असतात: एकाचे १२ आठवडे २ दिवस, दुसऱ्याचे १२ आठवडे ५ दिवस. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यांबाहेर असा कागद हातात धरून बसलेल्या घरच्यांना हमखास वाटते, की दुसरा गर्भ तीन दिवसांनी राहिला असावा. तसे नसते. एकसारखी दिसणारी जुळी एकाच फलित बीजाच्या विभागणीतून होतात, आणि वेगळी दिसणारी जुळी एकाच पाळीचक्रात सुटलेल्या दोन स्त्रीबीजांपासून. दोघांचे वय एकच असते. अहवालातले आकडे हे लांबीवरून काढलेले अंदाज असतात.

ही लांबी म्हणजे बाळाच्या माथ्यापासून बुडापर्यंतचे अंतर. त्यावरून पहिल्या तिमाहीत वय सांगता येते, हे ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. त्यांच्या सूत्रानुसार मिलिमीटरमधील लांबीला १.०३७ ने गुणून वर्गमूळ काढायचे, त्याला ८.०५२ ने गुणायचे आणि २३.७३ मिळवायचे, उत्तर दिवसांत येते. ५८ मिमीच्या बाळाचे ८६ दिवस भरतात, ६४ मिमीच्या बाळाचे ८९. वर्गमूळ येते याचे कारण वाढीचा वेग स्थिर नसतो: आठव्या आठवड्यात बाळ दिवसाला सुमारे १ मिमी वाढते, बाराव्यात जवळजवळ २ मिमी. म्हणून ६ मिमीचा फरक डोळ्यांना मोठा दिसला, तरी दिवसांच्या हिशेबात तो तीनच भरतो. त्यातही बाळाने हनुवटी छातीला टेकवून अंग मुडपले असेल तर माप काही मिलिमीटरनी कमी येते. यासाठी डॉक्टर पडद्यावर बाळ आडवे, सरळ, हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये गर्भजलाची काळी फट दिसेल असे होईपर्यंत थांबतात आणि मगच माप घेतात. तो वेळ वाया जात नाही.

एकाच दिवशी पेरलेला भाताचा तरवा सुरुवातीला सारख्याच उंचीचा दिसतो, पुढे जमीन आणि पाणी फरक पाडतात. गर्भाचेही तसेच आहे. पहिल्या तिमाहीत आनुवंशिकता आणि वारेचे (प्लासेंटाचे) पोषण यांचा लांबीवर फारसा परिणाम झालेला नसतो, त्यामुळे जुळ्यांनाही एकट्या बाळाचेच कोष्टक चालते आणि चूक साधारण पाच ते सात दिवसांच्या आत राहते.

मग वय कोणाचे धरायचे? आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की नैसर्गिक गर्भधारणेत लांबी ४५ ते ८४ मिमी असताना मोठ्या बाळाचे माप घ्यावे. सरासरी किंवा लहान बाळाचे माप धरावे असे मानणारेही तज्ज्ञ आहेत, पण मोठ्या बाळामागचा तर्क मला सर्वांत सुरक्षित वाटतो. गुणसूत्रांचा दोष असो वा वारेचा, सुरुवातीचा आजार बाळाला सहसा खुजे करतो. लहान बाळावरून वय ठरवले तर ते आजारी बाळच मोजपट्टी होऊन बसते, त्याची खुंटलेली वाढ कागदावर योग्य दिसते आणि निरोगी भावंड वयाच्या मानाने मोठे ठरते. दोघांत १० टक्के किंवा त्याहून अधिक फरक असेल, तर अधिक तपासणी करावी लागते. टेस्ट ट्यूब गर्भधारणेत मात्र स्त्रीबीज काढल्याची तारीख ठाऊक असते, तीच धरतात.

याच सोनोग्राफीत वार एक की दोन, हेही १४ आठवड्यांपूर्वी सर्वांत स्पष्ट दिसते. वार एकच असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी लागते. गुंतागुंत नसल्यास प्रसूती साधारण छत्तिसाव्या आठवड्यात करतात. दोन बाळांच्या दोन वेगळ्या वारा असतील तर सदतिसाव्यात. इथे एका आठवड्याची चूकही बाळाच्या फुप्फुसांना महागात पडू शकते. पंचांगातला मुहूर्त पाहून सिझेरियन आठवडाभर आधी मागणाऱ्यांना ही जोखीम कोणी समजावून सांगत नाही, याचे वाईट वाटते. फुप्फुसांच्या वाढीचा ग्रहांशी काहीही संबंध नाही.

गगनबावडा, राधानगरीकडच्या वाड्यांवरून ज्या महिला पाचव्या-सहाव्या महिन्यात प्रथमच सोनोग्राफीला येतात, त्यांच्या बाबतीत डोक्याच्या घेरावरून वय काढावे लागते, तेही मोठ्याच बाळाच्या. पण तोवर चूक दहा ते चौदा दिवसांपर्यंत जाऊ शकते. ज्यांची पहिली सोनोग्राफी वेळेवर झाली आहे, त्यांची त्यावरून ठरलेली तारीख पुढच्या अहवालांवरून बदलायची नसते. म्हणून दवाखाना बदलला, बाळंतपणासाठी माहेरी गेले, तरी तो पहिला कागद फाइलमध्ये सोबत हवा.