बदल आणि फरक: कूलरचा पंप रात्रीच का महागतो?

एप्रिल लागला की नागपुरात कूलर पुसून खिडकीला लागतात आणि पंप, ताट्या, पाइप विकणाऱ्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. इतवारीतल्या अशाच एका दुकानदारासाठी मी ऑनलाइन भावांची शीट चालवतो. तीनेकशे वस्तू, दिवसातून चार फेऱ्या, सगळं प्रॉक्सीतून, म्हणजे आपल्या वतीने साइटला विचारणाऱ्या मधल्या संगणकातून. एका सकाळी त्यांचा फोन आला. "काऊन भाऊ, हा पंप रोज रात्री महागते अन् सकाळी स्वस्त होते का?"

शीट पाहिली. रात्री दोनला ३८९, सकाळी आठला ३४९, दुपारी आणि संध्याकाळी ३४९, रात्री परत ३८९. ओळीने आठ दिवस. मी रुबाबात सांगून टाकलं की विक्रेता रात्री भाव चढवत असणार. साफ चूक. भाव हलतच नव्हता, आमची बघायची जागा हलत होती.

आपल्याकडे यासाठी दोन शब्द आहेत आणि आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. कळमन्यात संत्र्याला सोमवारी एक भाव आणि मंगळवारी दुसरा, हा बदल. सोमवारीच कळमन्यात एक आणि धरमपेठेतल्या हातगाडीवर दुसरा, हा फरक. सोमवारचा कळमना आणि मंगळवारची हातगाडी शेजारी लिहून "एका रात्रीत संत्री कडाडली" असं कोणी म्हटलं तर मंडीतला पोरगाही हसेल. प्रॉक्सीतून भरलेली शीट नेमकं हेच म्हणते, आणि कोणी हसत नाही, कारण रकाना एकच असतो: भाव.

आमची गडबड रिट्रायमध्ये, म्हणजे नकार मिळाल्यावर परत विचारण्यात निघाली. दिवसा विनंत्या नागपूरच्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या नागपुरी पत्त्यावरून जायच्या. रात्रीच्या फेरीत मात्र तीनशे वस्तू एकदम सुटायच्या आणि साइट ४२९ द्यायची, म्हणजे 'फार विचारता, जरा थांबा'. या उत्तरासोबत रिट्राय-आफ्टर नावाचा हेडर, म्हणजे जोडचिठ्ठी येऊ शकते, किती वेळ थांबायचं ते त्यात लिहिलेलं असतं. आमचा कोड थांबायचा नाही. 'भारत, कोणतंही शहर' या साठ्यातला दुसरा आयपी उचलून परत धडकायचा. पान मिळायचं, स्टेटस २०० (म्हणजे 'सगळं ठीक'), भाव ३८९, सगळं हिरवंगार. पानाची जतन केलेली प्रत (एचटीएमएल) उघडून वरची पट्टी वाचली तेव्हा उजेड पडला: डिलिव्हरी ५६०००१. म्हणजे बेंगळुरू. तिथे तो पंप दुसराच विक्रेता विकत होता. थांबा म्हटल्यावर थांबणं हा शिष्टाचार तर आहेच, पण शीट शुद्ध राहण्याचा तो सगळ्यात स्वस्त उपायही आहे.

इथे आणखी एका जोडीत लोक फसतात. रोटेटिंग प्रॉक्सीत दर विनंतीला नवा आयपी मिळतो, हे कळतं. स्टिकी म्हटलं की मात्र 'कायमचा' असं वाटतं. स्टिकी आयपी एका सेशनपुरता, साधारण काही मिनिटं टिकतो. शोधातून यादी, यादीतून वस्तूचं पान, इतका प्रवास एकाच चेहऱ्याने व्हावा म्हणून तो असतो. उद्या सकाळी तोच मिळेल याची हमी नाही. रोजचा भाव रोजच्याच जागेवरून हवा असेल तर स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी घ्यावा, नाहीतर निदान शहर बांधून ठेवावं.

शहर बांधलं तरी ते साइटला पटलं पाहिजे. आयपी कोणत्या गावचा, हे प्रत्येक साइट आपापल्या डेटाबेसवरून ठरवते, आणि हे डेटाबेस कधीकधी थक्क करतात. ज्या आयपींबद्दल 'अमेरिकेतला' यापलीकडे काही माहीत नव्हतं, असे ६० कोटींहून जास्त पत्ते मॅक्समाइंड या डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीने देशाच्या मध्याजवळच्या एका बिंदूवर टाकून ठेवले होते. तो बिंदू निघाला कॅन्ससमधल्या एका शेतावर. वर्षानुवर्षं चोरीचा माग काढणारे लोक आणि पोलीस त्या घराचं दार ठोठावत राहिले. २०१६ मध्ये हे उघड झाल्यावर तो बिंदू एका जलाशयात हलवला. आपल्याकडे असा उद्योग झाला असता तर अख्खा देश झीरो माइलच्या चार घोड्यांपाशी येऊन उभा राहिला असता! म्हणून प्रॉक्सीवाला 'नागपूर' म्हणतो यावर न जाता पानावर कोणता पिन दिसतो ते वाचावं आणि भावासोबत लिहावं.

फरक पाडणाऱ्या बाकीच्या गोष्टी ओळखीच्याच: मोबाइल की डेस्कटॉप, भाषेचा हेडर, जुनी कुकी, ए-बी चाचणी (निम्म्या लोकांना एक पान, निम्म्यांना दुसरं), सीडीएनच्या, म्हणजे पानं जवळून पुरवणाऱ्या सर्व्हरच्या साठ्यातली शिळी प्रत. आणि स्टेटस २०० देऊन समोर कॅप्चा ठेवणारं पान. अशा वेळी रकाना रिकामा सोडावा. शून्य लिहू नये, आणि कालचा भाव तर मुळीच पुढे ओढू नये.

आता भाव हलल्यासारखा दिसला की मी पाच मिनिटांच्या आत दोन खिडक्यांतून बघतो, नेहमीच्या आणि एका राखीव शहराच्या. दोन्हीकडे हलला असेल तर तो बदल. नेहमीच्या खिडकीत जुनाच भाव आणि फक्त राखीव खिडकीत वेगळा, तर तो फरक, सोडून द्या. फक्त नेहमीच्या खिडकीत हलला असेल तर डोकं चालवावं लागतं: इथल्या विक्रेत्याने खरोखर भाव बदलला असेल, किंवा साइटने आपला आयपी दुसऱ्या गावात नेऊन बसवला असेल. पिन बघायचा, कुकी पुसून परत विचारायचं, तरी पटलं नाही तर पुढच्या फेरीपर्यंत दम धरायचा.

याशिवाय माझ्याच सर्व्हरवर एक पान आहे. त्यावर 'भाव १००' आणि आलेल्या विनंतीचा आयपी व हेडर, बस. प्रत्येक फेरी आधी त्याच प्रॉक्सीतून या पानावर जाते. तिथे १०० च्या जागी काही वेगळं आलं किंवा भाषेचा हेडर वाटेत बदललेला दिसला, तर ती फेरी तिथेच थांबते.

प्रत्येक भावासोबत आता बाहेरचा आयपी, पिन, स्टेटस आणि वेळ लिहिली जाते. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, पण दिवस मोजताना साडेपाच तास मिळवून. नाहीतर १ तारखेच्या मध्यरात्रीचा सेल आदल्या दिवशी १८:३० ला पडतो. जुन्या नोंदींत यातलं काहीच नव्हतं आणि एचटीएमएल मी आठच दिवस जपत होतो. त्याआधीच्या रात्रीच्या ओळी दुरुस्त करता आल्या नाहीत, राखाडी करून बाजूला ठेवल्या.

दुकानदाराला हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग वर्ध्याचा भाव बी दाखवा ना. माझे निम्मे गिऱ्हाईक तिकडचेच." वर्ध्याचा प्रॉक्सी काही मिळाला नाही, पण गरजही पडली नाही: या साइटवर पानात पिन निवडला की ती आयपीपेक्षा पिनचंच ऐकते. ४४०००१ आणि ४४२००१, दोन वेगळे रकाने, दोन वेगळ्या मालिका. नागपुरात ३४९, वर्ध्यात ३६५, आणि आठवडाभर दोन्ही आकडे जागचे हललेले नाहीत.