निवासी अग्निसुरक्षा नियम (महाराष्ट्र)

राहत्या इमारतीत आग लागू नये, लागलीच तर ती पसरू नये आणि रहिवाशांना वेळेत सुखरूप बाहेर पडता यावे, यासाठी कायद्याने घरमालकावर व गृहनिर्माण संस्थेवर घातलेल्या बंधनांना निवासी अग्निसुरक्षा नियम म्हणतात. महाराष्ट्रात त्यांचा मुख्य आधार म्हणजे ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’. हा अधिनियम 6 डिसेंबर 2008 पासून अंमलात आला. आग ही अग्निशमन दलाची बाब आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु या अधिनियमाच्या कलम 3 नुसार आग प्रतिबंधक यंत्रणा बसवण्याची आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची व मालक सापडत नसल्यास भोगवटादाराची, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्या वा जागा वापरणाऱ्याची आहे. नियम समजून घेताना घरमालकाने पहिल्यांदा हीच गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, कारण पुढच्या बहुतेक तरतुदी तिच्यातूनच निघतात.

एकाच इमारतीला एकाहून अधिक नियम लागू होतात. अग्निशमन सेवा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येणाऱ्या विषयांत येते. त्यामुळे महापालिका क्षेत्रात मुख्य अग्निशमन अधिकारी हा या अधिनियमाखालील प्रमुख अधिकारी असतो, तर राज्य पातळीवर महाराष्ट्र अग्निशमन सेवेचे संचालक असतात. तांत्रिक निकष प्रामुख्याने भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतून येतात. 1970 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या या संहितेची सध्याची आवृत्ती 2016 ची असून तिचा चौथा भाग आग व जीवसुरक्षेला वाहिलेला आहे. ही संहिता शिफारशीच्या स्वरूपाची आहे. राज्याचा कायदा किंवा शहराची विकास नियंत्रण नियमावली तिचा आधार घेते, तेव्हा ती बंधनकारक होते. त्यामुळे निकष गावोगावी बदलतात. संहितेनुसार 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘उंच इमारत’ ठरते, तर मुंबईच्या 2018 मध्ये मंजूर झालेल्या नियमावलीत ही मर्यादा 32 मीटर आहे. एका शहरात ऐकलेला नियम दुसऱ्या शहरातील आपल्या इमारतीला तसाच लागू होईल, असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

आपल्या इमारतीला नेमके काय लागू आहे, याचे सर्वांत विश्वसनीय उत्तर तिच्या अग्निशमन ना-हरकत प्रमाणपत्रात मिळते. बांधकामाचे नकाशे मंजूर होण्याआधी अग्निशमन दल तात्पुरते ना-हरकत प्रमाणपत्र देते व त्यात जिन्यांची संख्या व रुंदी, बंब फिरण्यासाठी सोडायची मोकळी जागा, पाण्याच्या टाक्यांची क्षमता, पंप, स्प्रिंकलर (छतातून आपोआप पाणी फवारणारी तोटी) आणि आश्रयक्षेत्र (आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबायची मोकळी जागा) यांच्या अटी घातलेल्या असतात. काम पुरे झाल्यावर या अटींची तपासणी होऊन अंतिम प्रमाणपत्र मिळते आणि त्यानंतर भोगवटा प्रमाणपत्राचा मार्ग मोकळा होतो. ही कागदपत्रे व मंजूर नकाशे रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवण्याचे बंधन स्थावर संपदा कायद्याने (रेरा) प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर घातलेले आहे. सदनिका विकत घेताना लोक सातबारा, करारनामा व कर्जाचे हप्ते बारकाईने पाहतात. अग्निशमन प्रमाणपत्र मात्र फारच थोडे जण मागतात. ते मागायलाच हवे.

प्रमाणपत्र एकदा मिळाले की काम संपत नाही. यंत्रणा बसवणे व तिची देखभाल ही कामे केवळ परवानाधारक अभिकरणाकडूनच (एजन्सीकडूनच) करून घ्यावी लागतात. यंत्रणा बसवल्यावर हे अभिकरण नमुना ‘अ’ मध्ये आणि पुढे दरवर्षी जानेवारी व जुलै अशा दोन महिन्यांत नमुना ‘ब’ मध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र देते व ते अग्निशमन दलाकडे सादर करायचे असते. त्रुटी आढळल्यास अग्निशमन अधिकारी मुदत देऊन नोटीस बजावतो. धोका तातडीचा असेल तर इमारत रिकामी करण्याचा व तिचा वीज-पाणीपुरवठा तोडण्याचा आदेशही देता येतो. अधिनियमाचा भंग केल्यास 6 महिने ते 3 वर्षे कारावास आणि 20,000 ते 50,000 रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे.

कागदावरची यंत्रणा आणि जिन्यातली यंत्रणा यांतले अंतर मजल्यावरच्या लाल पेटीपाशी उभे राहिले की लगेच दिसते. या पेटीत गुंडाळलेला होज (पाण्याची लांब नळी), तिच्या टोकाला लावायचे पितळी नोझल आणि शेजारी उभ्या पाइपला जोडलेला व्हॉल्व्ह असला पाहिजे. अनेक इमारतींत पितळेला भंगारात भाव मिळतो म्हणून नोझल चोरीला गेलेले असते, होज घडीवर कुजलेला असतो, किंवा व्हॉल्व्हचे चाक गंजून हाताने फिरतच नाही. पंपघरात पंपाचा स्विच ‘ऑटो’वर असायला हवा, तो बंद ठेवला असेल तर पाइपात दाब राहत नाही आणि वरच्या मजल्यावर व्हॉल्व्ह उघडूनही पाणी येत नाही. या गोष्टी पाहायला तज्ज्ञ लागत नाही. दर महिन्याला सेक्रेटरीने वॉचमनला सोबत घेऊन तळापासून गच्चीपर्यंत एक फेरी मारली, तरी यातले बहुतेक दोष उघडे पडतात.

निवासी इमारतीत माणसांचे प्राण आगीच्या ज्वालांपेक्षा धुराने अधिक जातात आणि हा धूर उभ्या पोकळ्यांतून चढतो. म्हणून विजेच्या तारांची डक्ट (तारा वर नेणारी उभी पोकळी) प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्याने बंद केलेली असावी, जिन्याचे अग्निरोधक दार आपोआप मिटणारे असावे, असे नियम आहेत. डक्टमध्ये रद्दी, रंगाचे डबे आणि झाडू ठेवले जातात. वारा यावा म्हणून जिन्याच्या दाराला वीट लावून ते उघडे ठेवले जाते. मग खालच्या मजल्यावर मीटरपाशी पेटलेली एक तार साऱ्या जिन्याचे धुराडे करते. जिन्यातली चपलांची कपाटे, सायकली आणि कुलूप लावलेले गच्चीचे दारही त्याच कारणाने नियमबाह्य ठरतात. संहितेनुसार 24 मीटरहून उंच इमारतीत रहिवाशांना थांबण्यासाठी आश्रयक्षेत्र ठेवावे लागते. ते भिंती घालून खोलीत सामावून घेणे हा गंभीर भंग आहे.

22 ऑगस्ट 2018 रोजी मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवर या निवासी इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागून चार जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेल्या माहितीच्या आधारे शेजाऱ्यांना ओले कापड नाका-तोंडाशी धरायला सांगितले. आगीनंतर इमारतीचा वीज-पाणीपुरवठा तोडण्यात आला. त्याआधी 9 मे 2015 रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीत आग विझवताना ती कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे तत्कालीन प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह सुधीर अमीन, संजय राणे व महेंद्र देसाई या चार अधिकाऱ्यांचे प्राण गेले. मुंबईच्या जुन्या चाळी आणि पुण्याचे वाडे यांत लाकडी तुळया व लाकडी जिने आहेत. तिथे नवी यंत्रणा बसवायला जागाही अपुरी पडते. अशा ठिकाणी जुने वायरिंग बदलणे आणि जिन्याखालची जागा रिकामी ठेवणे हेच मोठे संरक्षण आहे.

घराच्या आत कायदा कमी बोलतो, पण जोखीम तिथेच सुरू होते. खिडकीबाहेर बसवलेल्या पेटीसारख्या ग्रिलला उघडणारे दार नसेल तर शिडीवरून आलेल्या जवानालाही आत शिरता येत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो, तर पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. त्यामुळे वायुविजनाची जाळी कुठे मोकळी ठेवायची, हे इंधनावर ठरते. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. गळतीचा वास आल्यास विजेचे बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडून रेग्युलेटर बंद करावा व घरगुती सिलिंडरसाठी 1906 हा क्रमांक लावावा. विजेच्या फलकावर एमसीबीबरोबर (जादा भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा. एबीसी पावडरचे (लाकूड-कागद, तेल व गॅस अशा तिन्ही प्रकारच्या आगींवर चालणारे) एक अग्निशामक नळकांडे स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांगावे, ओट्याशेजारी नव्हे, कारण पेट घेतलेल्या शेगडीपाशी जाऊन ते काढणे अशक्य असते. त्याच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का व रिफिलची तारीख उलटली का, हे पाहावे.

गोव्यात महाराष्ट्राचा हा अधिनियम लागू नाही; तिथे राज्याचे अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालय ही जबाबदारी सांभाळते.

1944 मध्ये 14 एप्रिलला मुंबई गोदीतील ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या स्फोटात 66 अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. गृहनिर्माण संस्थांनी आपली सराव कवायत या आठवड्यात ठेवणे सोयीचे पडते. कवायतीत 101 वर कोण फोन करील, इमारतीचे नाव, विंग व जवळची खूण कशी सांगावी आणि बंब येण्याआधी फाटकातल्या गाड्या कोण हलवील, ही कामे माणसागणिक ठरवून दिलेली असावीत. पंपघर व गच्चीच्या किल्ल्या वॉचमनच्या चौकीत एकाच खिळ्याला टांगलेल्या असाव्यात.