बाधक वर्तन: क्वार्टरबॅक आणि अकरा सामन्यांच्या शिक्षेमागचा इतिहास

१ ऑगस्ट २०२२ रोजी एका निवृत्त फेडरल न्यायाधीश बाईंनी १६ पानांचा निर्णय दिला आणि लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारींवरून क्लीव्हलंडच्या नव्या क्वार्टरबॅकला, म्हणजे संघाच्या चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, ६ सामन्यांसाठी निलंबित केलं. सतरा दिवसांनी तडजोड झाली. सहाचे ११ सामने झाले, वर ५० लाख डॉलर दंड. तेव्हापासून चाहते याच दोन आकड्यांवरून भांडतात. कुणाला सहासुद्धा जास्त वाटतात, कुणाला अकरा फारच कमी. मी अकरा कमी म्हणणाऱ्यांतला आहे. पण हा आकडा आला कुठून हे समजून घ्यायचं, तर एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये, मैदानाबाहेरच्या वागण्याला शिक्षा द्यायची पद्धत मुळात कशासाठी पडली, तिथपर्यंत मागं जावं लागतं.

पद्धतीच्या मुळाशी दोन शब्द आहेत: 'कंडक्ट डेट्रिमेंटल', म्हणजे लीगच्या हिताला बाधक वर्तन. प्रत्येक खेळाडूच्या करारात हे कलम असतं आणि त्याखाली दंड, निलंबन, करार रद्द करणं हे सगळं आयुक्तांच्या, म्हणजे लीगच्या प्रमुखांच्या, हातात दिलेलं असतं. शब्द नीट वाचले की कळतं, यात दुखावलेल्या माणसाला जागा नाही. लीगला काय बाधलं, एवढंच मोजायचं आहे.

ही चौकट जुगाराच्या भीतीतून आली. १९६३ मध्ये ग्रीन बेचा एक हाफबॅक आणि डेट्रॉइटचा एक डिफेन्सिव्ह टॅकल सामन्यांवर पैजा लावताना सापडले. दोघांनाही बेमुदत घरी बसवलं, १९६४ मध्ये परत घेतलं. १९६९ मध्ये पाळी न्यूयॉर्कच्या क्वार्टरबॅकची. त्यानं जानेवारीत सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकून दिला होता आणि जूनमध्ये तो पत्रकारांसमोर रडत रडत निवृत्ती जाहीर करत होता. कारण काय, तर मॅनहॅटनमधल्या त्याच्या बारमध्ये सट्टेबाजांची ऊठबस होते, तेव्हा भागीदारी विक, असा आयुक्तांचा आदेश. महिन्याभरात त्यानं हिस्सा विकला आणि तो परत आला. त्यानं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पण सामना ठरवून खेळला जातो असा संशय एकदा लोकांच्या मनात शिरला की तिकीटही खपत नाही आणि टीव्हीही येत नाही, हे लीगला पक्कं ठाऊक होतं. १९८३ मध्ये बाल्टिमोरचा तरुण क्वार्टरबॅक सट्ट्यापायी निलंबित झाला, तोही याच धाकातून.

घरात बायकोला मारणारा, दारू पिऊन गाडी ठोकणारा खेळाडू त्या काळात नव्हता असं नाही. तो पोलिसांचा विषय, लीगचा नाही, असं धरून चालत. १९९७ मध्ये हिंसक गुन्ह्यांसाठी पहिल्यांदा वेगळं धोरण आलं आणि २००० मध्ये ते रुंदावून त्याला 'वैयक्तिक वर्तन धोरण' असं नाव दिलं. त्याच वर्षी जानेवारीत अटलांटात सुपर बोलच्या रात्री दोन तरुण भोसकले गेले. बाल्टिमोरच्या एका लाइनबॅकरवर आधी खुनाचा आरोप आला, पुढे तपासात अडथळा आणल्याच्या किरकोळ गुन्ह्याच्या कबुलीवर प्रकरण मिटलं. लीगनं त्याला अडीच लाख डॉलर दंड केला, एका सामन्याचंही निलंबन नाही. त्याच हंगामाच्या शेवटी तो सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

२००७ च्या एप्रिलमध्ये नव्या आयुक्तांनी धोरण कडक केलं. त्यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिक्षेसाठी न्यायालयात दोषी ठरण्याची वाट बघण्याची गरज राहिली नाही. तीनच महिन्यांत अटलांटाच्या क्वार्टरबॅकचं कुत्र्यांच्या झुंजीचं प्रकरण उघड्यावर आलं. २००४ मध्ये दहा वर्षांचा १३ कोटी डॉलरचा करार केलेला हा खेळाडू, व्हर्जिनियातल्या सरी काउंटीत त्याच्या जागेवर झुंजी लागत आणि हरलेली कुत्री मारली जात. ऑगस्टमध्ये कबुली, डिसेंबरमध्ये २३ महिन्यांची शिक्षा. त्यातून वाचलेल्यांपैकी २२ कुत्री युटामधल्या एका आश्रयस्थानात गेली आणि कुत्र्यांच्या देखभालीसाठी त्याला ९ लाखांहून जास्त डॉलर भरावे लागले. २००९ मध्ये तो सुटला, फिलाडेल्फियानं घेतला, २०१० मध्ये पुनरागमनाचा पुरस्कारही मिळाला. या एका प्रकरणाबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं तुरुंग भोगला, पैसे भरले, खालच्या पायरीवरून सुरुवात केली. या सगळ्या इतिहासात ज्याची शिक्षा आणि गुन्हा एकमेकांच्या जवळपास बसतात असा क्वार्टरबॅक मला तो एकच दिसतो, आणि त्यातही खरी शिक्षा न्यायालयानं दिली होती.

२०१० मध्ये पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक. जॉर्जियातल्या एका कॉलेजच्या गावात एका तरुणीनं त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. त्यानं तो नाकारला, सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. तरीही लीगनं ६ सामन्यांचं निलंबन दिलं, पुढे ते ४ वर आणलं. अटक नाही, आरोपपत्र नाही आणि तरी निलंबन, हे त्या वेळी नवं होतं. हा चारचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग २०१४. बाल्टिमोरच्या रनिंग बॅकनं अटलांटिक सिटीतल्या कॅसिनोच्या लिफ्टमध्ये आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध पाडलं. जुलैमध्ये शिक्षा किती, तर २ सामने. ओरड झाली तेव्हा आयुक्तांनी ऑगस्टअखेर चूक कबूल केली आणि घरगुती हिंसाचारासाठी पहिल्या वेळी ६ सामने असा मापदंड लावला. ८ सप्टेंबरला लिफ्टमधला व्हिडिओ बाहेर आला आणि त्याच दिवशी त्याच माणसाला क्लबनं काढलं, लीगनं बेमुदत निलंबित केलं. नोव्हेंबरमध्ये लवादानं ते रद्द केलं, कारण एकाच कृत्याला दोनदा शिक्षा देता येत नाही. ठोसा फेब्रुवारीतलाच होता. फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात फक्त एकच गोष्ट बदलली, लोकांनी तो डोळ्यांनी पाहिला.

चेंडूतली हवा मुद्दाम कमी केल्याच्या आरोपाच्या प्रकरणावर मी इथं फार थांबत नाही, सगळ्यांना ते तोंडपाठ आहे. न्यू इंग्लंडच्या क्वार्टरबॅकला ४ सामने मिळाले, खालच्या न्यायालयानं ते उठवले आणि एप्रिल २०१६ मध्ये अपील न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतानं परत लादले. चेंडूत हवा किती होती यात ते न्यायालय शिरलंच नाही. आरोप ठेवणारे आयुक्त, शिक्षा देणारे आयुक्त, अपील ऐकणारेही आयुक्त, आणि २०११ च्या सामूहिक करारात खेळाडूंच्या युनियननं हे मान्य केलंय, एवढं त्यांनी पाहिलं. म्हणून २०२० च्या करारात युनियननं पहिला निर्णय आयुक्तांकडून काढून दोन्ही बाजूंनी मिळून नेमलेल्या त्रयस्थ अधिकाऱ्याकडे दिला. अपील मात्र आयुक्तांकडेच राहिलं.

या नव्या व्यवस्थेपुढे आलेलं पहिलं मोठं प्रकरण ह्यूस्टनच्या क्वार्टरबॅकचं, तोच जो पुढे क्लीव्हलंडला गेला.

इथं मला तटस्थ राहता येत नाही. ती वर्षं आम्ही ह्यूस्टनमध्ये काढली. २०१७ च्या चक्रीवादळात स्टेडियमच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या तीन जणींचं घरदार गेलं, तर या पोरानं आपल्या पहिल्या सामन्याचा चेक त्यांना वाटून दिला. ४ जानेवारी २०२० ला बफेलोविरुद्ध आम्ही ०-१६ नं मागं होतो. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि बफेलोचे दोघे दोन बाजूंनी एकदमच त्याच्यावर आदळले. दोघांच्या मधोमध तो गर्रकन फिरला, पडला नाही, आणि चेंडू सोडला. ३४ यार्ड. आम्ही २२-१९ जिंकलो. घरात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं छत ठोकेपर्यंत आम्ही नाचलो. ४ क्रमांकाची जर्सी मुलीनं दुसऱ्या दिवशी शाळेच्या पिशवीत भरून ठेवली होती.

मार्च २०२१ मध्ये पहिला दिवाणी दावा दाखल झाला. मग दुसरा, मग दहावा, मग दोन डझन. सगळ्या जणी मसाज थेरपिस्ट, बहुतेकींशी ओळख इन्स्टाग्रामवरून, तक्रारीही एकमेकींशी जुळणाऱ्या. त्यानं सगळं नाकारलं आणि आजही नाकारतो. २०२१ च्या हंगामात तो एकही सामना खेळला नाही, पण पगार पूर्ण मिळाला. इथं एक गुंता आहे. लीगकडे आयुक्तांची 'एक्झेम्प्ट यादी' असते. चौकशी चालू असताना खेळाडूला त्या यादीत टाकून भरपगारी घरी बसवता येतं. याला त्या यादीत टाकलंच नाही. क्लब आपणहून दर आठवड्याला त्याला न खेळणाऱ्यांत लिहीत राहिला. त्यामुळे ते १७ सामने शिक्षा होती की नव्हती, यावर पुढे वकिलांना वाद घालता आला.

११ मार्च २०२२ ला टेक्सासमधल्या ग्रँड ज्युरीनं फौजदारी आरोप ठेवायला नकार दिला. आठवडाभरात चार क्लब दारात उभे: क्लीव्हलंड, अटलांटा, कॅरोलायना, न्यू ऑर्लीन्स. दिवाणी दावे तसेच पडून होते आणि चौघांनाही ते माहीत होतं. १८ मार्चला क्लीव्हलंडनं बाजी मारली. ह्यूस्टनला पहिल्या फेरीची तीन पिक्स, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, दिली आणि त्याला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर, सगळेच्या सगळे हमीचे. अशी पूर्ण हमी एवढ्या रकमेवर त्याआधी कुठल्याच क्वार्टरबॅकला मिळाली नव्हती. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, पण या गाईनं अख्खं वर्ष दूध दिलेलं नव्हतं.

करारातली एक ओळ मला अजून सलते. पहिल्या वर्षाचा मूळ पगार जेमतेम १० लाख ३५ हजार डॉलर ठेवला, बाकीची रक्कम बोनसमध्ये. निलंबनात कापला जातो तो मूळ पगार. ११ आठवड्यांचे मिळून साधारण ६ लाख ३० हजार डॉलर गेले. क्लबचं म्हणणं, पहिल्या वर्षी मूळ पगार कमी ठेवायची आमची नेहमीचीच पद्धत आहे. असेल. पण निलंबन येणार हे सगळ्या लीगला दिसत असताना नेहमीच्या पद्धतीनं लिहिलेला करारही नेहमीचा राहत नाही.

आता त्या १६ पानांकडे. लीगनं २४ पैकी १२ जणींच्या मुलाखती घेतल्या आणि प्रकरण उभं केलं ते चौघींच्या जबान्यांवर. न्यायाधीशांनी तीनही ठपके मान्य केले: लीगच्या व्याख्येप्रमाणे लैंगिक अत्याचार, दुसऱ्याच्या सुरक्षिततेला धोका, लीगच्या प्रतिष्ठेला बाधा. त्याचं वागणं आजवर लीगपुढे आलेल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा गंभीर आहे असंही लिहिलं. आणि मग शिक्षेच्या परिच्छेदात एक शब्द येतो: 'नॉन-व्हायलंट', हिंसा नसलेलं. सगळा घोळ या शब्दात आहे. ज्या कृतीला काही पानं आधी अत्याचार म्हटलं, तिलाच शिक्षा मोजताना हिंसा नसलेली म्हटलं.

त्यांचा तर्क असा. ६ सामन्यांचा मापदंड हिंसेसाठी आहे. हिंसा नसलेल्या प्रकारांत लीगनं आजवर याहून कमीच शिक्षा दिली आहे. हिंसेची प्रकरणं धरली तरी बहुतेक शिक्षा सहाच्या आतबाहेर, सर्वांत मोठी १० सामन्यांची, तीही वारंवारच्या घरगुती हिंसाचारासाठी. लीगला आता वर्षभराचं निलंबन हवं असेल तर ते आधी धोरणात लिहायला हवं होतं. ओरड झाली म्हणून मागाहून पट्टी बदलता येत नाही. २०१४ चा दाखला त्यांनी याच संदर्भात दिला. युनियननं मालकांचा मुद्दाही काढला: धोरणात मालकांना खेळाडूंपेक्षा वरचा निकष आहे असं लिहिलंय, मग त्यांना शिक्षा कुठं होते? तो मुद्दा खोटा नाही.

कायद्याच्या अंगानं मला बाईंचं चूक दिसत नाही. त्यांच्या हातात जी पट्टी दिली तिनं त्यांनी मोजलं. पट्टी लीगनं तयार केली होती, कधी २ सामने, कधी ४, प्रत्येक वेळी त्या त्या दिवशीच्या ओरडीचा आवाज बघून. एका प्रकरणासाठी पाडलेल्या खुणांनी दोन डझन बायकांच्या तक्रारी मोजल्या तर उत्तर सहाच येणार. पिट्सबर्गला चारवर आणलं त्या दिवशी क्लीव्हलंडची शिक्षा अर्धी ठरून गेली होती.

लीगनं अपील केलं, आयुक्तांनी ते ऐकायला स्वतःच्या जागी दुसरा माणूस नेमला, सुनावणीआधीच ११ वर तडजोड झाली. ४ डिसेंबर २०२२ ला तो परत मैदानात उतरला, तोही ह्यूस्टनमध्येच. टाळ्यांपेक्षा हुर्यो जास्त होती. क्लीव्हलंडसाठी त्यानं पहिल्या तीन हंगामांत मिळून १९ सामने खेळले: ६, ६ आणि ७. आधी निलंबन, मग खांदा, मग ऑक्टोबर २०२४ मध्ये टाचेमागचा स्नायुबंध तुटला.

याच काळात दुसरा एक क्वार्टरबॅक घरी बसून होता. सॅन फ्रान्सिस्कोचा, २०१३ चा सुपर बोल खेळलेला. २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी तो आधी बसून राहिला, मग एका माजी सैनिकाच्या सल्ल्यानं गुडघ्यावर टेकला, कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराच्या निषेधासाठी. त्या हंगामात गुण मिळवून देणारे १६ टचडाउन पास आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले फक्त ४, म्हणजे इंटरसेप्शन, ही काही टाकाऊ कामगिरी नव्हती. त्यानं कुठलाही नियम मोडला नव्हता, त्याच्यावर एकाही सामन्याचं निलंबन नाही. २०१७ पासून मात्र एकाही क्लबनं त्याला करार दिला नाही. त्यानं तक्रार लावली, फेब्रुवारी २०१९ मध्ये ती तडजोडीनं मिटली. २०२० च्या जूनमध्ये आयुक्तांनी खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही चूक झाली असं सांगितलं, त्याचं नाव न घेता. २०२२ च्या मार्चमध्ये चार क्लब ह्यूस्टनच्या दारात होते तेव्हा तो जाहीरपणे सराव करत होता, पास झेलायला कुणी येता का असं विचारत होता.

आणि जुगार, जिथून हे सगळं सुरू झालं? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सट्टा कायदेशीर करायला मोकळीक दिली, २०२० मध्ये एक संघ लास वेगासला राहायला गेला, २०२१ मध्ये लीगनं सट्टा कंपन्यांशी अधिकृत भागीदारी केली. खेळाडूंना मात्र लीगच्या सामन्यांवर पैज लावायला बंदी कायम आहे. अटलांटाच्या एका रिसीव्हरनं फोनवरून पैजा लावल्या, त्याच्याच म्हणण्यानुसार मिळून १५०० डॉलरच्या. त्याला २०२२ चा अख्खा हंगाम निलंबन झालं, १७ सामने. त्याच हंगामात क्लीव्हलंडला ११.

आमची जर्सी पुण्याला येताना सामानात आली. मुलगी आता सतरा वर्षांची आहे. तिनं ती कपाटातून काढून जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात टाकली, मी काही बोललो नाही. सामने आम्ही अजून बघतो, रविवारी रात्री साडेदहाला, तिकडची घड्याळं मागं गेली की साडेअकराला. सध्याचा सामूहिक करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे आणि तोवर अपील आयुक्तांकडेच राहणार आहे.